जॉर्ज ऑर्वेल : मोतिहारीपासून ‘नाइन्टीन एटी-फोर’पर्यंत

जॉर्ज ऑर्वेल हे नाव आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात नागरिकांवरील पाळत, वृत्तपत्रांवरील बंधने किंवा सरकारी खोटेपणा यांची चर्चा निघाली की हमखास घेतले जाते. मृत्यूला पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी या लेखकाच्या शेवटच्या कादंबरीचा संदर्भ दिल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. याच ऑर्वेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मराठी श्रोत्यांसाठी बातमीपत्रे लिहिली होती, ही गोष्ट मात्र मराठी वाचकांनाही फारशी ठाऊक नसते. ते इंग्रजीत मसुदा लिहीत, लंडनमध्ये राहणारी मराठी माणसे त्याचे भाषांतर करीत आणि बीबीसीवरून ते हिंदुस्थानात पोहोचे. ही नोकरी त्यांनी दोन वर्षे केली आणि मग सोडली. भविष्यातील समाजाविषयी त्यांनी पुढे जो इशारा दिला, त्याची मुळे या नोकरीत आणि तिच्याही आधीच्या एका सरकारी नोकरीत सापडतात.

अफू खात्यातील अधिकाऱ्याचा मुलगा

ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. त्यांचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतिहारी येथे झाला. वडील रिचर्ड ब्लेअर हे हिंदुस्थान सरकारच्या अफू खात्यात अधिकारी होते. शेतकऱ्यांकडून अफूचे पीक करवून घेणे आणि सरकारच्या मक्तेदारीखाली तो माल बाहेर पाठवणे, हे या खात्याचे काम. आई आयडा यांचे बालपण ब्रह्मदेशातील मौलमीन येथे गेले होते. १९०४ मध्ये त्या मुलांना घेऊन इंग्लंडला परतल्या. वडील नोकरीसाठी मागेच राहिले आणि १९१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत मुलाला त्यांचा सहवास जवळजवळ लाभलाच नाही. पोटासाठी बाप समुद्रापलीकडे आणि मुले आईबरोबर मायदेशी, ही आखातातील अनेक मराठी घरांच्या परिचयाची स्थिती त्या इंग्रज कुटुंबाचीही होती.

ज्या हिंदुस्थान सरकारची नोकरी ब्लेअर करीत होते, त्याच सरकारच्या अखत्यारीत त्या काळी बहरीन आणि आसपासच्या अमिराती येत. बुशहर येथील रेसिडेंट आणि बहरीनमधील पोलिटिकल एजंट हिंदुस्थान सरकारला जबाबदार असत. या व्यवस्थेची एक खूण अशी की बहरीनच्या बाजारात १९६५ पर्यंत रुपया हेच चलन होते. मोतिहारी, रंगून आणि मनामा ही तेव्हा एकाच राज्ययंत्रणेच्या नकाशावरील ठिकाणे होती. या यंत्रणेचे काम आतून पाहण्याची संधी एरिक ब्लेअर यांना लवकरच मिळणार होती.

शिष्यवृत्तीवर ते ईटन या प्रख्यात शाळेत शिकले. तेथे काही काळ त्यांना फ्रेंच शिकवायला आल्डस हक्स्ली हे तरुण शिक्षक होते. पुढे १९३२ मध्ये हक्स्ली यांनी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी लिहिली. भविष्यकाळाविषयी विसाव्या शतकात सर्वाधिक वाचल्या गेलेल्या दोन भयसूचक कादंबऱ्यांचे लेखक एकेकाळी एकाच वर्गात गुरू-शिष्य म्हणून बसले होते, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

गणवेशातील पाच वर्षे

ईटनमधून बाहेर पडल्यावर ब्लेअर विद्यापीठात गेले नाहीत. १९२२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते इंडियन इंपीरियल पोलीस सेवेत दाखल झाले आणि ब्रह्मदेशात रुजू झाले. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. इन्सेन, मौलमीन, कथा अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या झाल्या. विशीतल्या तरुणाच्या हाती हजारो माणसांवरचा अधिकार आला. लोकांच्या नजरेतील तिरस्कार त्यांना रोज दिसे. तो अन्यायाचा तिरस्कार आहे हे पटत असूनही गणवेश अंगावर असेपर्यंत तसे बोलण्याची सोय नव्हती. क्लबमध्ये इतर गोरे अधिकारी जे बोलत त्याला मान डोलवावी लागे. मनात एक आणि तोंडाने दुसरेच, ही सवय माणसाला कशी लागते याचा पहिला धडा त्यांनी येथे घेतला. एका फाशीचे आणि पिसाळलेल्या हत्तीला गोळी घालण्याच्या प्रसंगाचे वर्णन करणारे त्यांचे दोन प्रसिद्ध निबंध याच अनुभवावर उभे आहेत. हुकूम देणारा माणूस अखेर बघ्यांच्या अपेक्षेचा कैदी होतो, हे त्या हत्तीच्या निबंधाचे मर्म आहे.

१९२७ मध्ये रजेवर इंग्लंडला आल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. चांगल्या पगाराची, निवृत्तिवेतनाची नोकरी सोडणे घरच्यांना रुचले नाही. पुढची काही वर्षे त्यांनी पॅरिसच्या हॉटेलांत भांडी घासली, लंडनच्या भटक्यांबरोबर धर्मशाळांत रात्री काढल्या. त्या अनुभवावरचे पहिले पुस्तक जानेवारी १९३३ मध्ये निघाले, तेव्हा त्यांनी जॉर्ज ऑर्वेल हे टोपणनाव घेतले. ऑर्वेल ही सफोक परगण्यातील नदी. ब्रह्मदेशावरील ‘बर्मीज डेज’ ही कादंबरी १९३४ मध्ये प्रथम अमेरिकेत प्रसिद्ध झाली, कारण अब्रूनुकसानीच्या दाव्याच्या भीतीने इंग्रज प्रकाशक कचरत होते.

स्पेनमधील धडा

१९३६ च्या अखेरीस ऑर्वेल स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढायला गेले. ज्या डाव्या पक्षाच्या पथकात ते सामील झाले, तो मॉस्कोच्या मर्जीतला नव्हता. मे १९३७ मध्ये वेस्का शहराजवळच्या आघाडीवर एक गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार गेली. त्यातून ते वाचले, पण रुग्णालयातून बाहेर येईपर्यंत त्यांचा पक्ष बेकायदा ठरला होता. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढणारे सहकारी आता फॅसिस्टांचे हस्तक म्हणून तुरुंगात डांबले जात होते. ऑर्वेल आणि त्यांच्या पत्नी आयलीन जून महिन्यात कशीबशी सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये पोहोचले.

इंग्लंडला परतल्यावर त्यांना खरा धक्का बसला. न झालेल्या लढायांची वर्णने वृत्तपत्रांत छापून आली होती आणि झालेल्या लढायांचा उल्लेखही नव्हता. शूरांना पळपुटे ठरवले गेले होते. राजकारणात खोटे बोलले जाते हे कोणालाही ठाऊक असते. परंतु घडलेल्या घटनेची नोंदच पुसली गेली तर पुढच्या पिढ्यांना खरे शोधायला जागाच उरणार नाही, ही भीती त्यांच्या मनात येथे रुजली. स्पेनवरील त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये निघाले. त्याच्या दीड हजार प्रती छापल्या गेल्या आणि लेखकाच्या हयातीत त्याही संपल्या नाहीत.

लंडनहून मराठीत

ऑगस्ट १९४१ मध्ये ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागातील हिंदुस्थान शाखेत रुजू झाले. शाखेचे प्रमुख झुल्फिकार अली बुखारी होते. पुढे पाकिस्तानच्या नभोवाणीची सूत्रे त्यांच्याकडे गेली. युद्ध ऐन भरात होते. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले. केरेनच्या डोंगरात लढलेल्या मराठा पलटणींतील जवानांची घरे कोकणात आणि देशावर बातमीची वाट पाहत होती. बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ सुरू झाला होता. हिंदुस्थानच्या मनाचा ताबा कोणाकडे, यासाठी आकाशातून चाललेली ही लढाई होती.

आखात या लढाईपासून दूर नव्हते. बहरीनमध्ये आज सखीरच्या वाळवंटात विद्यापीठाचा परिसर आणि मोटारशर्यतीचा जगप्रसिद्ध मार्ग दिसतो. तेथून जवळच असलेल्या जबल दुखान टेकडीच्या परिसरात १९३२ मध्ये तेल लागले होते. आखाताच्या अरब किनाऱ्यावर सापडलेले ते पहिले तेल. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीच्या विमानांनी हजारो किलोमीटरचा पल्ला गाठून बहरीनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर बॉम्ब टाकले. बर्लिन आणि इटलीतील बारी येथून अरबी भाषेत प्रचार चालू होता, त्याला तोंड देण्यासाठी त्याच वर्षी ब्रिटिशांच्या पुढाकाराने बहरीनमध्ये नभोवाणी केंद्र उभे राहिले. म्हणजे बहरीनमध्ये अरबी श्रोत्यांसाठी जे काम चालू होते, तेच लंडनमध्ये हिंदुस्थानी श्रोत्यांसाठी ऑर्वेल करीत होते.

बीबीसीचे मराठी प्रक्षेपण १९४२ मध्ये सुरू झाले. ऑर्वेल आठवड्याच्या घडामोडींचा आढावा इंग्रजीत लिहीत. त्यावरून मराठी, गुजराती, बंगाली आणि तमिळ बातमीपत्रे तयार होत. अशी दोनशेच्या आसपास बातमीपत्रे त्यांनी लिहिली. प्रत्येक मसुदा आधी सेन्सॉरकडे जाई. प्रक्षेपण चालू असतानाही एक माणूस कळ हाताशी धरून बसलेला असे. वाचणारा संमत मजकुराबाहेर गेला की त्याने आवाज तोडायचा. युद्धकाळात यात वावगे काही नाही, असे बहुतेकांचे मत होते आणि ऑर्वेल यांनाही नाझींचा पराभव मनापासून हवा होता. तरीही हे सारे रोज जवळून पाहणाऱ्या लेखकाच्या मनावर त्याचा ठसा उमटल्यावाचून राहिला नाही.

या शाखेत त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये वेणू चितळे होत्या. कोल्हापूरजवळच्या शिरोळ येथे १९१२ मध्ये जन्मलेल्या वेणूताई शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या होत्या आणि बीबीसीवर त्यांचा आवाज परिचित झाला होता. ऑर्वेल यांनी सुरू केलेल्या काव्यविषयक कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाचे १९४२ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, विल्यम एम्पसन आणि ऑर्वेल यांच्या मेळ्यात वेणूताई दिसतात. स्वातंत्र्यानंतर त्या मायदेशी परतल्या आणि १९५० मध्ये पुण्यातील एका ब्राह्मण कुटुंबाच्या पिढ्यांची कथा सांगणारी ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी त्यांनी प्रसिद्ध केली. त्या काळी लंडनमध्ये मराठी लिहिणारी-वाचणारी माणसे मोजकीच होती. इंग्रजी मसुद्यातील लष्करी आणि राजकीय शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधत, मायभूमीपासून दूर राहून वाक्याचे वळण मराठी ठेवण्याची त्यांची धडपड परदेशस्थ मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ऑर्वेल यांची कोंडी वेगळी होती. हिंदुस्थानला स्वातंत्र्य मिळाले पाहिजे, असे ते उघड लिहीत आले होते. क्रिप्स यांची शिष्टाई १९४२ च्या एप्रिलमध्ये फसली. ऑगस्टमध्ये छोडो भारत ठराव झाला आणि गांधीजी, नेहरू यांच्यासह सारे नेते तुरुंगात गेले. आपण ज्या सरकारच्या वतीने हिंदुस्थानी श्रोत्यांना लोकशाहीचे महत्त्व सांगतो आहोत, ते सरकार त्याच श्रोत्यांच्या पुढाऱ्यांना विनाचौकशी कोठडीत ठेवते आहे, याचा त्यांना मनस्ताप झाला. त्यांच्या रोजनिशीत हा ताण दिसतो, नभोवाणीवर अर्थातच ऐकू आला नाही. शिवाय हे कार्यक्रम हिंदुस्थानात फारच थोडे लोक ऐकतात, असेही पाहणीतून कळले. सप्टेंबर १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा लिहिला. वरिष्ठांनी आपल्याला नेहमी सन्मानाने वागवले, असे त्यात नमूद करून, निष्फळ कामावर आपला वेळ आणि जनतेचा पैसा खर्च होतो आहे, एवढेच कारण त्यांनी दिले. नोव्हेंबरमध्ये ते बाहेर पडले.

दोन पुस्तके

आदर्श राज्य कसे असावे याचे चित्र रेखाटण्याची परंपरा जुनी आहे. मराठीत विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८६७ मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सारे राज्य एक कुटुंब मानावे आणि सर्वांनी पिकवलेले सर्वांचे असावे, अशी त्यांची कल्पना होती. विसाव्या शतकाने या स्वप्नाची दुसरी बाजू पाहिली. प्रजेचे सारे काही राज्यच पाहू लागले, तर प्रजेच्या मनात काय चालले आहे तेही ते पाहू लागेल, ही शंका पुढे आली. रशियातील येवगेनी झाम्यातिन यांनी १९२० च्या सुमारास ‘वी’ ही कादंबरी लिहून या शंकेला रूप दिले. तिच्यात माणसांना नावे नसून क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. ऑर्वेल यांनी तिचे फ्रेंच भाषांतर वाचून १९४६ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. भविष्यातील बिघडलेल्या समाजाचे चित्र रंगवणाऱ्या या साहित्यप्रकाराला आज डिस्टोपिया म्हणतात.

नोकरी सोडल्यावर काही महिन्यांतच ऑर्वेल यांनी ‘ॲनिमल फार्म’ लिहून पूर्ण केली. मालकाला हाकलून शेत ताब्यात घेणारी जनावरे आणि हळूहळू मालकासारखीच होत जाणारी डुकरे यांची ही गोष्ट रशियन क्रांतीवर बेतलेली होती. रशिया तेव्हा ब्रिटनचा मित्र होता. एका प्रकाशकाने माहिती मंत्रालयातील अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून पुस्तक नाकारले. तो अधिकारी सोव्हिएत हेर होता, हे नंतर उघड झाले. दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या वतीने नकाराचे पत्र खुद्द एलियट यांनी लिहिले. कोणत्याही कायद्याने पुस्तकावर बंदी घातली नव्हती. काय छापणे या वेळी शोभणार नाही, हे साऱ्यांना न सांगता कळले होते. ऑर्वेल यांना हुकमी सेन्सॉरपेक्षा हे मूक एकमत अधिक धोक्याचे वाटले. १९४४ च्या जूनमध्ये उडत्या बॉम्बने त्यांचे घर उद्ध्वस्त झाले, तेव्हा हस्तलिखित ढिगाऱ्यातून उकरून काढावे लागले. ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक निघाले आणि ऑर्वेल जगप्रसिद्ध झाले. ते यश पाहायला आयलीन नव्हत्या. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असताना त्यांचे निधन झाले होते. दत्तक घेतलेला रिचर्ड तेव्हा एक वर्षाचाही नव्हता.

१९४६ पासून ऑर्वेल स्कॉटलंडच्या ज्युरा बेटावरील एका एकाकी घरात राहून नवी कादंबरी लिहू लागले. क्षयाने त्यांना गाठले होते. १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध अमेरिकेतून मागवले गेले, पण त्याची घातक प्रतिक्रिया आल्याने उपचार थांबवावा लागला. टंकलेखनासाठी कोणी त्या बेटावर येईना, तेव्हा अंथरुणात बसून त्यांनी सारी कादंबरी स्वतः टंकलिखित केली. ८ जून १९४९ रोजी ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली.

या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा सत्य मंत्रालयातील एक नोकरदार आहे. जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर आजच्या सरकारी भूमिकेशी जुळेल असा बदलणे आणि मूळ कागद भट्टीत टाकणे, हे त्याचे काम. घरोघरी असे पडदे आहेत की जे दाखवतात आणि पाहतातही. मुले आईबापांची चुगली करतात. भाषेचा नवा कोश दर आवृत्तीला लहान होत जातो, कारण शब्दच उरला नाही तर तो विचारही करता येणार नाही, असा राज्यकर्त्यांचा हिशेब आहे. मंत्रालयाच्या इमारतीचे वर्णन, युद्धकाळात माहिती मंत्रालय जेथे होते त्या लंडन विद्यापीठाच्या सिनेट हाउसशी जुळते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथील उपाहारगृहाच्या वर्णनात अनेकांना बीबीसीचे उपाहारगृह दिसले. आयलीन याच माहिती मंत्रालयाच्या सेन्सॉर विभागात काही काळ काम करीत होत्या.

विन्स्टन हा आपल्या कामात तरबेज आहे आणि ते काम करताना त्याला आनंदही होतो. कादंबरीतील हा तपशील छळाच्या प्रसंगांइतका गाजला नाही, पण तो लेखकाच्या स्वानुभवातून आलेला आहे. ब्रह्मदेशात आणि बीबीसीत ऑर्वेल यांनी पाहिलेली माणसे दुष्ट नव्हती. ती हुशार, वक्तशीर आणि कुटुंबवत्सल होती. यंत्रणा चालत होती ती त्यांच्या कौशल्यावर. एकाधिकारशाहीला जुलमी नेता तर लागतोच, पण त्याहून अधिक लागतात त्या नेमून दिलेले काम चोख करणाऱ्या आणि पलीकडे न पाहणाऱ्या सुशिक्षितांच्या फौजा. या कादंबरीचा हा इशारा आजच्या व्यावसायिकाला सर्वांत जवळून लागू होतो.

अखेरचे दिवस

ऑर्वेल यांना संत ठरवण्याची घाई करू नये. १९४९ मध्ये रुग्णशय्येवरून त्यांनी ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या एका प्रचारविभागाला ३८ व्यक्तींची यादी दिली. साम्यवादाकडे झुकलेले म्हणून सरकारच्या प्रचारकार्यात ज्यांच्यावर विसंबू नये, असे त्यांना वाटत होते, त्या लेखक-पत्रकारांची ती नावे होती. ही यादी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनाही ती पचवणे जड गेले. यादीमुळे कोणाला तुरुंगात जावे लागले नाही आणि हेतू मर्यादित होता, असे त्यांची बाजू घेणारे सांगतात. तरीही पाळतीविरुद्ध जगाला सावध करणाऱ्या माणसाने सरकारला गुप्तपणे नावे पुरवली, हे सत्य उरतेच. २००७ मध्ये दुसरी बाजू समोर आली. ब्रिटिश गुप्तचर खात्याने स्वतः ऑर्वेल यांच्यावरही अनेक वर्षे कागद जमवले होते, हे त्या वर्षी खुल्या झालेल्या फायलींतून दिसले.

ऑक्टोबर १९४९ मध्ये रुग्णालयातच त्यांनी सोनिया ब्राउनेल यांच्याशी विवाह केला. २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्डजवळच्या सटन कोर्टने या खेड्यातील थडग्यावर एरिक आर्थर ब्लेअर एवढेच नाव आहे.

१९८४ हे वर्ष आले आणि गेले. ऑर्वेल यांचे भाकीत खरे ठरले की खोटे, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यांनी भाकीत केलेच नव्हते. आपण सावध राहिलो नाही तर काय होऊ शकेल, एवढेच त्यांनी सांगितले होते. असे इशारे देणाऱ्यांचे यश त्यांचे म्हणणे चुकीचे ठरण्यात असते. भारताने १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सेन्सॉर अनुभवला. दुर्गा भागवत यांनी १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी असताना त्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्यांना कारावास भोगावा लागला. बोलणारी माणसे उरली होती, म्हणून तो काळ संपू शकला.

बीबीसीचे मराठी प्रक्षेपण १९५८ मध्ये बंद पडले आणि २०१७ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झाले. आज पाहणारे आणि पाहिले जाणारे पडदे प्रत्येकाच्या खिशात आहेत. ते कोणत्याही मंत्रालयाने सक्तीने दिलेले नाहीत, लोकांनी हौसेने विकत घेतले आहेत. त्यांच्या आज्ञावली लिहिणारे, माहितीचे साठे सांभाळणारे, अहवालातील आकडे नीटनेटके करणारे हात जगभरच्या कार्यालयांत आहेत आणि त्यांत मराठी हातही पुष्कळ आहेत. आपण जे काम करतो त्यातून शेवटी काय घडते, हा प्रश्न ऑर्वेल यांनी दोनदा स्वतःला विचारला आणि दोन्ही वेळा नोकरी सोडली. प्रत्येकाला तसे करणे शक्य नसते. प्रश्न विचारणे मात्र प्रत्येकाला शक्य असते.